झडप लावायचं काम

(फिनलंडच्या जंगलपट्टीतलं एक लहान गाव. फेब्रुवारीतल्या बुधवारची दुपार. सभागृहामागचं स्वयंपाकघर. रायली, निवृत्त शिक्षिका, दर बुधवारी इथं मुलांचा घरकामाचा वर्ग घेते. तापानी तिचाच जुना विद्यार्थी. लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवतो.)

तापानी: नको, कोट राहू दे अंगात. मी बसायला आलेलो नाही, बाई.

रायली: बसायला आला नाहीस तर उभ्यानं पी. पण कॉफी पी, केलीय मी. आणि ते बूट आधी काढ. आत्ता फरशी पुसलीय. सातवीत सांगत होते तुला, अजून सांगतेय.

तापानी: या खिडकीतून माझी हिल्ला दिसते ना?

रायली: दिसते की. बर्फाच्या ढिगावर एकटीच चढ-उतार चाललीय. अरे, तिला बाहेर कशाला ठेवलंस? वर्गाला अजून तास आहे. आत आली असती तर पाव वळायला तेवढीच मदत झाली असती मला.

तापानी: आधी तुमच्याशी बोलायचंय. ती आत यायच्या आधी.

रायली: बोल ना. मीच यायला हवं होतं रे तुझ्याकडे. तीन आठवडे झाले. दोनदा तुमच्या वळणापर्यंत गाडी नेली आणि परत फिरवली. चर्चमध्येसुद्धा तुझा हात हातात घेतला आणि काय बोलले, तर रस्ता निसरडा आहे, जपून जा. लाज वाटली नंतर. तुझी बायको, औतीसारखी मुलगी, छत्तिसाव्या वर्षी जाते आणि मी रस्त्याचं बोलते.

तापानी: सगळेच रस्त्याचं बोलले. बरं पडलं ते. बाई, मोठ्या खोलीत भिंतीवर तक्ता आहे ना? मुलांच्या कामांचा?

रायली: आहे. का?

तापानी: उतरवा तो. मुलं यायच्या आधी.

रायली: तक्ता? अरे बारा मुलांची नावं आहेत त्यावर. आल्या आल्या आधी तिथं पळतात चांदण्या मोजायला. हिल्लाला एकही चांदणी नाही मिळालेली या महिन्यात, म्हणून म्हणतोस का? तसं असेल तर मी तिच्यापुढं...

तापानी: तिच्या नावापुढं काम कुठलं लिहिलंय?

रायली: कुठलं म्हणजे... वेन्लाकडे कुत्रा आहे. ओनीकडे मोजे, तो अजून जोड्या चुकवतो. हिल्लाकडे टेबल मांडायचं.

तापानी: ते डिसेंबरात. जानेवारीचं सांगा.

रायली: जानेवारीचं बघावं लागेल. थांब, चष्मा कुठं टाकला मी...

तापानी: डोक्यावर आहे. आणि तक्ता नका बघू, ही वही बघा. तिचीच आहे. मोठ्यानं वाचा.

रायली: "जानेवारी. या महिन्यात माझं काम..." तापानी.

तापानी: वाचा.

रायली: "माझं काम, संध्याकाळी भट्टीची झडप लावणं."

तापानी: खाली तारखा आहेत. एकवीसच्या पुढं काय आहे?

रायली: खूण आहे. बरोबरची.

तापानी: हिरव्या पेनानं. बावीसची जागा कोरी आहे. बावीसला सकाळी मी शिफ्ट संपवून घरी आलो.

रायली: पण तू तर सांगितलंस की झडप औतीनं लावली! पोलिसांना, सगळ्या गावाला तूच सांगितलंस.

तापानी: सांगितलं.

रायली: देवा रे. म्हणजे हिल्लानं?

तापानी: हळू बोला. खिडकी आहे.

रायली: बंद आहे ती. दोन काचांची आहे. थांब, मी बसते.

तापानी: बसा. इस्पितळात विचारलं त्यांनी. काचेपलीकडं हिल्ला पडलेली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा. अलीकडं तो पोलीस, हातात वही. पोरगेलासा होता, चांगला होता बिचारा. म्हणाला, ऊब घरात राहावी म्हणून धुराड्याची झडप लावतात, पण ती निखारे विझायच्या आत लागली, सगळा विषारी वायू धुराड्यातून जायच्या ऐवजी घरात राहिला. कोणी लावली? मी म्हटलं, बायकोनं. विचार वगैरे काही केला नाही. तोंडातून निघून गेलं. त्यानं 'अपघात' लिहिलं आणि मला कॉफी आणून दिली.

रायली: चांगलं केलंस. देवाशप्पथ चांगलं केलंस. दहा वर्षांची पोर आहे ती.

तापानी: मलाही तसंच वाटलं होतं. आता त्याचं काय झालंय ते ऐका. औती याच गावातली. सहा वर्षांची होती तेव्हापासून झडप लावायची. तिच्या हातून अशी चूक होईल यावर कोणाचा विश्वास बसत नाही. तुमचा बसला?

रायली: माझा... मला वाटलं, थकली असेल.

तापानी: तुम्हाला थकली वाटलं. बाकीच्यांना आठवलं की मागच्या हिवाळ्यात ती तीन महिने कामावर गेली नव्हती. गोळ्या घेत होती. औषधाच्या दुकानात रांगेत कोण कोण उभं होतं, सगळं आठवलं लोकांना. मग जुळवलं त्यांनी. चुकून झालं नाही, म्हणजे मुद्दाम केलं.

रायली: कोण म्हणतं असं? नाव सांग. मी त्यांच्या घरी जाऊन विचारते.

तापानी: कुठं कुठं जाल? मी दुकानात शिरलो की बोलणं थांबतं. पाद्रीबाई आल्या होत्या, त्यांनी औतीचं मन कसं होतं ते विचारलं, फार मायेनं. आणि हेल्वी. माझ्या सासूबाई. रोज सकाळी सातला फोन करतात. दुसरं काही बोलत नाहीत. चिठ्ठी सापडली का, विचारतात. नाही म्हटलं की ठेवतात.

रायली: अरे देवा. हेल्वी तशी दणकट बाई. नवरा गेला तेव्हा चौथ्या दिवशी गाईचं दूध काढायला गोठ्यात.

तापानी: आता घराबाहेर पडत नाहीत. आणि काल शाळेतून फोन आला. मधल्या सुट्टीत कोणीतरी हिल्लाला म्हणालं, तुझ्या आईला तुझ्याजवळ राहायचंच नव्हतं.

रायली: कोणाचं कार्टं ते?

तापानी: नावाचं काय करायचंय? घरी ऐकलं असेल, ते बोललं.

रायली: आणि हिल्ला?

तापानी: गणिताची वही काढून बसली, म्हणे. घरी येऊनही मला एक शब्द बोलली नाही. तर हे असं आहे, बाई. दोनच वाटा आहेत. एक तर तिनं आयुष्यभर समजायचं की आई आपल्याला टाकून गेली. नाहीतर तिनं समजायचं की... दुसरं वाक्य मला पुरं करता येत नाही. ट्रकमध्ये एकटा असतो तेव्हाही येत नाही.

रायली: तिला कळलेलं नाही?

तापानी: तिला सांगितलंय भट्टी जुनी होती, त्यातून वायू झाला.

रायली: तिनं विचारलं नाही कसा झाला?

तापानी: एकदाही नाही.

रायली: घरात गजर लावलेला होता ना? मी सगळ्यांना सक्तीच केली होती.

तापानी: तो धुराचा. या वायूला धूर नाही, वास नाही. हिल्ला दर महिन्याला स्टुलावर चढून त्याचं बटण दाबून बघायची. वाजला की म्हणायची, आपण सुरक्षित. तेही तुम्हीच शिकवलेलं.

रायली: बोल. बोलून घे तू.

तापानी: मला बोलायचं नाही, मला ऐकायचंय. झडप कधी लावायची ते तुम्ही तिला काय शिकवलंत? जसं शिकवलंत तसंच सांगा. काही गाळू नका.

रायली: खोक्याची भट्टी केली होती.

तापानी: कसल्या खोक्याची?

रायली: फ्रिजच्या. मुलांनीच रंगवली, विटा काढल्या त्यावर. आत टॉर्च ठेवला, त्यावर लाल कागद, तो चकचकीत असतो ना, नाताळच्या भेटीचा. ते निखारे. वर पुठ्ठ्याची झडप, दोरीनं ओढायची. मुलं गोलात बसायची. मी टॉर्च बंद केला की लाल जायचं. मग ज्याच्या हातात दोरी असेल त्यानं...

तापानी: काय?

रायली: ओढायची. आधी ज्याच्या लक्षात येईल त्यानं पळत येऊन ओढायची. पहिला येईल त्याला दालचिनीचा पाव.

तापानी: शर्यत लावलीत.

रायली: लक्ष राहावं म्हणून रे! तासभर बारा मुलं, कोण ऐकतंय भाषण? खेळ केला की डोक्यात बसतं. तीस वर्षं तेच केलंय मी. तुम्हाला अंडं उकडायलासुद्धा खेळातच शिकवलं.

तापानी: लाल दिसेनासं झालं की लावा. पळा.

रायली: आधी सळीनं निखारे उलटेपालटे करायचे असतात. वर राख बसलेली असते, खाली लाल असतं. निळी ज्योत दिसते का बघायचं, जराशी जरी दिसली तरी थांबायचं. मला माहितीये हे सगळं. मी सात वर्षांची होते तेव्हापासून झडप लावतेय, मला कोणी शिकवलंसुद्धा नव्हतं, आई शेजारी उभी असायची तेवढंच.

तापानी: मग सांगितलं का नाहीत?

रायली: खोक्यात ढवळायला काही नव्हतं.

तापानी: काय?

रायली: टॉर्च होता नुसता. टॉर्च काय ढवळणार? माझ्या हातात सळी असती तर हात आपोआप गेला असता आणि तोंडातून आलं असतं. खरी भट्टी आहे की या सभागृहात, त्या कोपऱ्यात, तीच पेटवणार होते. पण मुलं असताना विस्तव नको असा समितीचा नियम झाला. मुलांच्या सुरक्षेसाठी. मी दोनदा भांडलेसुद्धा. मग म्हटलं जाऊ दे, खोकं करू.

तापानी: चांगला नियम आहे.

रायली: टोमणा मार, मार. पण तुला सांगते, झडप माझ्या यादीत नव्हती. यादीत मोजे, टेबल, कुत्रा, लाकडं आणणं, रोपांना पाणी. शेवटची ओळ कोरी ठेवली होती, मुलांना स्वतःचं काही सुचलं तर. तिनं लिहिलं. सगळ्या वर्गात एकटीनं लिहिलं. मला इतकं कौतुक वाटलं, मी त्याच्याखाली...

तापानी: सोनेरी चांदणी चिकटवलीत. आहे ती. नखानं काढायचा प्रयत्न केला मी, निघत नाही.

रायली: मी औतीला फोन करायला हवा होता. एक फोन.

तापानी: करून काय झालं असतं? तिला ठाऊक होतं काम कुठलं आहे ते. शेवटचं पान उघडा.

रायली: नको रे.

तापानी: तुम्हीच छापलंय. तुमचं अक्षर आहे.

रायली: "मी वचन देते की माझ्या मुलानं केलेलं काम मी त्याच्या मागून तपासणार नाही, पुन्हा करणार नाही. माझा त्याच्यावर विश्वास आहे."

तापानी: खाली सही कोणाची आहे?

रायली: औतीची.

तापानी: दोन महिन्यांपूर्वी ती हसून सांगायची मला, टेबलावर काटे उलटे मांडलेत, पण मी हात लावायचा नाही, सही केलीय. माझी बायको वचन पाळायची. एवढंच तिचं चुकलं.

रायली: आईबाप मुलांचा जीव नकोसा करतात रे. मुलानं पांघरूण घडी केलं की आई मागून ते उलगडून परत घडी करते. मुलाला वाटतं आपल्याला काही येतच नाही. वर्षानुवर्षं बघितलंय मी, म्हणून लिहिलं ते. मोज्यांसाठी लिहिलं, काट्याचमच्यांसाठी. विस्तवासाठी नव्हतं ते.

तापानी: 'मोज्यांसाठी' असं लिहिलेलं नाही इथं.

रायली: नाही.

तापानी: मी तुमच्यावर ओरडायला आलो होतो. गाडीत तालीमसुद्धा केली. आता ओरडायला काही सुचत नाही.

रायली: ओरड की. तेवढं तरी मला मिळू दे.

तापानी: कशाला? तुम्हाला बरं वाटावं म्हणून?

रायली: तापानी, ती दार लावून झोपली होती. हिल्ला. ते मी शिकवलंय, झोपताना खोलीचं दार लावायचं. म्हणून ती... 

तापानी: हो. डॉक्टर पण तेच म्हणाले. दार लावलेलं, खिडकीची फट उघडी. अर्धं घर वाचवलंत तुम्ही.

रायली: मी हे बोलायला नको होतं.

तापानी: सकाळी मी आलो तर ती स्वयंपाकघरात भिंतीला धरून उभी होती. दोनदा उलटी झालेली, ती तिनंच पुसलेली. टेबलावर तीन वाट्या, तीन चमचे. मला म्हणाली, बाबा, हळू, आईचं डोकं दुखत होतं, तिला झोपू दे. अंगावर आणखी एक पांघरूण घातलंय मी, थंड लागत होती ती. एवढं बोलून माझ्या बुटांपाशी बसली ती.

रायली: बस कर.

तापानी: बरं. तक्ता उतरवता का मग? ही वही मी भट्टीत टाकतो आजच. तक्ता कोणी वाचला तर जुळवतील. इथले लोक जुळवण्यात हुशार आहेत.

रायली: तक्ता उतरवून मुलीला शाळेत कोणी काही म्हणायचं थांबेल? हेल्वी चिठ्ठी शोधायची थांबेल?

तापानी: नाही.

रायली: मग ऐक. झडप मी लावली.

तापानी: तुम्ही काय?

रायली: त्या संध्याकाळी मी तुमच्याकडे आले होते. खरंच आले होते, खोटं नाही. हिल्लाची टोपी इथं राहिली होती बुधवारी. बाहेर उणे अठ्ठावीस, म्हटलं उद्या शाळेत कशी जाणार. साडेसहाला आले. शेजारच्या कुत्र्यानं ओरडून सगळी आळी गोळा केली, त्यामुळं लोकांनी मला पाहिलंय. औती पडून होती. मी म्हटलं, तू उठू नकोस, जाताजाता मी झडप लावते. लावली. घाई केली, म्हातारीला नीट दिसलं नाही. झालं.

तापानी: तुम्ही आला होतात? मला माहीत नव्हतं. भेटलात तिला?

रायली: दहा मिनिटं.

तापानी: कशी होती?

रायली: चांगली होती रे. डोकं धरलं होतं, ती तिची नेहमीची अर्धशिशी. सोफ्यावर आडवी, पायाशी मांजर. गुरुवार म्हणून ठरलेलं वाटाण्याचं सूप केलेलं. मला म्हणाली, वाढून घ्या, फार झालंय, तापानी उद्या परत तेच बघून तोंड वाकडं करेल.

तापानी: असं म्हणाली?

रायली: असंच. आणि हिल्ला भट्टीसमोर स्टूल टाकून बसली होती, पहाऱ्याला. आत लाकडं चांगली पेटलेली. औती मला डोळा मारून म्हणाली, बघा, घरात मालकीण आलीय. हसत होती. ही बाई दुसऱ्या दिवशी जगणार नव्हती असं कोणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडात मारेन.

तापानी: तीन आठवडे मी कोणीतरी हे सांगायची वाट बघतोय. आणि तुम्ही वळणावरून गाडी मागं फिरवता.

रायली: चुकलंच माझं. तेही. म्हणून म्हणते, माझ्यावर येऊ दे. खोटं म्हणशील तर फार खोटंही नाही. हात तिचा होता, पण लावली कोणी? मीच लावली.

तापानी: चौकशी होईल.

रायली: होऊ दे.

तापानी: वर्ग बंद होईल.

रायली: व्हायलाच पाहिजे. पाव वळायचे हात आहेत नुसते माझे, मुलं सोपवायचे नाहीत.

तापानी: लोक तुमच्याशी बोलणार नाहीत. तुम्हाला इथंच मरायचंय, बाई. तुम्हाला ना मूल ना बाळ. बुधवार सोडला तर काय आहे तुम्हाला?

रायली: माझं मी बघते. सत्तरीत मला आता किती वर्षं राहिलीयत? तिला पुढं सत्तर वर्षं काढायचीत. तू फक्त एवढंच म्हण की रायलीला वाचवायला मी औतीचं नाव घेतलं. पूर्वीच्या बाई म्हणून दया आली. लोक तुला मूर्ख म्हणतील. चालेल?

तापानी: ते आत्ताही म्हणतात.

रायली: मग बोलव तिला. आधी तिलाच सांगू, बाहेरून कळायच्या आत. मी सांगते, तू गप्प बस. तुला खोटं बोलता येत नाही, सातवीत पण येत नव्हतं. कान लाल होतात तुझे.

तापानी: बाई.

रायली: काय?

तापानी: मी तुम्हाला नको म्हणायला हवं. माझ्यानं म्हणवत नाही.

रायली: म्हणू नकोस. खिडकीवर टकटक कर, बघतेय ती इकडेच.

तापानी: हिल्ला! ये आत. हो, ये. बूट दाराशी काढ, फरशी पुसलीय.

हिल्ला: हातमोजे कुठं ठेवू? ओले झालेत.

रायली: दे, मी वाळत घालते. गाल बघ किती गार पडलेत. ये, इथं बस माझ्याजवळ. पाव खातेस? मागच्या खेपेतला आहे, पण मऊ आहे.

हिल्ला: नको. पाव नको मला.

रायली: बरं. हिल्ला, मला तुला एक सांगायचंय. बाबालाही मी आत्ताच सांगितलं. मला फार आधी सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. त्या गुरुवारी मी तुझी टोपी द्यायला आले होते, आठवतंय?

हिल्ला: हो. साडेसहाला.

रायली: तर आईचं डोकं दुखत होतं, म्हणून निघताना भट्टीची झडप मी लावली. ती मी फार लवकर लावली. त्यामुळं झालं सगळं. आईनं नाही काही केलं. तूही नाही. मी केलं.

हिल्ला: नाही, बाई.

रायली: अगं, मी सांगतेय ना.

हिल्ला: तुम्ही गेलात तेव्हा लाकडं पेटलेली होती. तेव्हा झडप लावली असती तर सगळा धूर घरात आला असता आणि गजर वाजला असता. नाही वाजला.

रायली: मी परत आले होते. थोड्या वेळानं. तू तेव्हा...

हिल्ला: नाही आलात. मी तिथंच बसले होते. बाबा, तुझे कान लाल झालेत.

तापानी: बाई, राहू द्या.

रायली: पोरी, ऐक माझं. कधीकधी मुलांना वाटतं...

हिल्ला: मी लावली. मला माहितीये. ग्रंथालयात पुस्तक आहे भट्ट्यांवर, त्यात वाचलं. आधी ढवळायचं असतं. मी नव्हतं ढवळलं.

तापानी: कधी वाचलंस?

हिल्ला: इस्पितळातून आल्यावर, पहिल्या सोमवारी.

तापानी: इतके दिवस? इतके दिवस तुला माहितीये? मला का नाही सांगितलंस?

हिल्ला: तू सगळ्यांना आईचं नाव सांगितलंस. मला वाटलं तुला तसंच हवंय. मी सांगितलं असतं तर तू माझ्याबरोबर घरात राहिला नसतास.

तापानी: ये इकडे. ये. असं नाही कधी... ये तू.

हिल्ला: मी घाई नव्हती केली, बाबा. लाल गेल्यावर मी शंभरपर्यंत मोजलं, दोनदा. मग आईला म्हटलं, लावते. आईनं विचारलं, सगळं काळं झालं का? मी म्हटलं, हो. तरी ती उठायला लागली बघायला. एक पाय खाली ठेवला होता तिनं. मी म्हटलं, तू बघायचं नाहीस, तू सही केलीयस.

रायली: अगं बाई...

हिल्ला: मग ती म्हणाली, खरंच की, आणि परत पडली.

तापानी: पुरे, बाळा. आता पुरे.

हिल्ला: रडू नका ना, बाई. बाबा, मला हेल्वी आजीला फोन लावून दे. आत्ता. तिला सांगायचंय, आई उठत होती.